भापूमामूच्या तीन शिट्ट्या

मी एका इंजिनाला चुकीची शिट्टी दिली. एकदा नाही, खेळाच्या दर डावाला. आणि चूक कळल्यावरही ती तशीच राहू दिली.

कॉम्प्युटरच्या धंद्यात माझी तीसेक वर्षं गेली. त्यात केलेल्या बाकीच्या चुका कुणाच्या लक्षात आल्या नाहीत, म्हणून त्या माझ्या अनुभवात जमा झाल्या. ही एकच अशी, की तिच्यापायी एका म्हाताऱ्या माणसानं भर गर्दीत माझ्याकडे पेन मागितलं आणि मी ते खिशातून काढून दिलं. त्या पेनाकडे येतोच. आधी इंजिन.

नव्वदीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. हैदराबादेत ज्याच्याकडे रिकामी खोली होती तो सॉफ्टवेअरची पाटी लावत होता. गिरधारी शेठ हे बेगम बाजारातले खेळण्यांचे ठोक व्यापारी. पत्र्याच्या, चावीच्या आगगाड्या विकण्यात त्यांच्या दोन पिढ्या गेलेल्या. मग देशाची दारं उघडली आणि बाहेरून दिव्यांच्या, बॅटरीच्या, भिंतीवर आपटल्या की आपोआप वळणाऱ्या गाड्या यायला लागल्या. चावीच्या गाड्या गोदामात पडून राहिल्या. दुसरा कुणी असता तर बाहेरचा माल विकून मोकळा झाला असता. शेठ तो विकतच होते, पण मनात कुठेतरी त्यांना आपल्या गाडीचं वाईट वाटत होतं. त्यांनी ठरवलं, की ही गाडी कॉम्प्युटरमध्ये घालायची.

मी तेव्हा नामपल्लीतल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत होतो, म्हणजे विद्यार्थ्यांच्या एक धडा पुढे असायचो. शेठनी विचारलं, "दिगंबरजी, खेल बनाना आता?" मी हो म्हणालो. तोवर मी त्या यंत्रावर पत्त्यांपलीकडे एकही खेळ खेळलेला नव्हतो.

ऑफिस गोदामाच्या माळ्यावर. शेजारी लाल मिरचीची वखार. नवीन माणूस जिना चढून आला की आधी शिंकायचा आणि मग नाव सांगायचा.

आम्ही करायचो तो प्रकार चारचौघांनी मिळून खेळायचा. एक पट, त्यावर घरं, पडद्यावर फिरणारा फासा आणि एकाच कीबोर्डच्या चार कोपऱ्यांना बसलेले चार जण, एकमेकांची कोपरं ढकलत. मधूनमधून छोट्या शर्यती. अशा खेळात खेळणाऱ्यांपेक्षा महत्त्वाची असतात ती पटावर राहणारी पात्रं, जी कधी मदत करतात, कधी खोडी काढतात. आमच्या पटावर एक बोलणारं वाफेचं इंजिन होतं. त्याचं नाव भापूमामू. त्याच्या स्टेशनवर तुमची सोंगटी पडली, की तो तुम्हाला डब्यात बसवून दहा घरं पुढे न्यायचा. लहर फिरली की उलटा धावत यायचा आणि वाटेत जो असेल त्याला मागे रेटायचा. हैदराबादेत मामू कुणालाही म्हणता येतं. रिक्षावाल्याला, पोलिसाला, ज्यानं आत्ताच आपल्याला फसवलंय त्याला. इंजिनालाही ते शोभलं.

चित्रं काढणारे दोघं होते. आवाज आणि बोलणं माझ्याकडे.

पडद्यावरचं पात्र बोलतं कसं, हे लोक मला अजून विचारतात. ते बोलत नाही. एखाद्या माणसाकडून शंभरेक तुकडे बोलवून घ्यायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा आणि अमुक घडलं की अमुक नंबर वाजव असं यंत्राला सांगून ठेवायचं. पात्राचा स्वभाव म्हणजे आमची यादी. यादीत रागाचे तुकडे जास्त झाले, की पात्र तापट. एवढंच.

भापूमामूसाठी आधी एक नाटकातले गृहस्थ आणले. त्यांचं इंजिन दरबारात आल्यासारखं बोलायचं. मग मी स्वतः बोलून पाहिलं. घरी ऐकवलं तेव्हा बायको म्हणाली, ह्याला आधी वाफारा द्या.

आवाज सापडला तो बँकेत. मी रांगेत उभा होतो, पेन्शनचा दिवस होता, रांग हलत नव्हती. मागून कुणीतरी न ओरडता, पण पार काउंटरपर्यंत पोचेल असं म्हणालं, "चला, पुढं सरका, जागा हाय." आणि रांग सरकली. जागा नव्हती, तरी सरकली. मी वळून पाहिलं. पांढरी टोपी, कानाच्या पाळीवर भाजल्याचा जुना डाग, बुटक्या बांध्याचा म्हातारा. हणमंतराव. मूळचे परभणीकडच्या शेतकरी घरातले, वडिलांच्या हट्टापायी रेल्वेत लागलेले, वाफेच्या इंजिनावर फायरमन आणि पुढे मेल ड्रायव्हर होऊन निवृत्त झालेले. त्यांचं शेवटचं इंजिन त्यांच्यानंतर दोनच वर्षांत भंगारात निघालं होतं.

मी बँकेच्या पायरीवरच त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हंजे मी इंजिनाचं बोलायचं?"

"हो."

"तेहतीस वर्षं मी त्याच्याशी बोललो, ते काई बोललं न्हाई. आता त्याच्या बाजूनं बोलून बघू." मग जरा थांबून म्हणाले, "दोन गोष्टी. त्याला येड्यावानी बोलाया लावायचं न्हाई. आणि खोक्यावर माझं नाव हुद्द्यासकट पायजे. आमची मंडळी बघतील."

आमची मंडळी म्हणजे स्टेशनाजवळच्या हॉटेलात रोज सकाळी जमणारे रेल्वेचे सात-आठ पेन्शनर. त्या टेबलावर कोण कसा ड्रायव्हर होता याचा निकाल रोज नव्यानं लागायचा. शेठ तयार झाले. खोक्याच्या पाठीमागे ठसठशीत अक्षरांत छापलं: आवाज, हणमंतराव, मेल ड्रायव्हर.

ध्वनिमुद्रण माळ्यावरच, अंगावर गोधडी घेऊन, म्हणजे बाजाराचा आवाज आत येऊ नये. मी आणि हणमंतराव एकाच गोधडीखाली, मध्ये माईक. मिरचीमुळे दर चौथ्या तुकड्याला कुणीतरी शिंकायचं, बहुतेक मीच. लिहिलेलं ते वाचायचे नाहीत. मी प्रसंग सांगायचो आणि ते आपल्या परभणीच्या हेलातल्या हैदराबादी हिंदीत बोलायचे. "आव, बैठो, खिडकी के वास्ते नक्को लड़ो." "उतरनेवाले पैले, चढ़नेवाले बाद में." हरलेल्या मुलासाठी काय म्हणाल, असं विचारलं, तर जरा विचार करून म्हणाले, "लेट हुआ तो हुआ, पोंचते की नै?" हे वाक्य पुढे गावातल्या कितीतरी घरांत आयांनी मुलांना म्हटलेलं मी ऐकलं आहे.

मी प्रसंग सांगितला नाही असा एकच आवाज होता. शिट्टी. शिट्टीला कशाला ड्रायव्हर लागतो, असं मला वाटलं.

आता माझं शहाणपण ऐका. तेव्हा घरोघरच्या यंत्रांत सीडीची चकती लागत नव्हती, म्हणून शेठचा हुकूम होता, की अख्खा खेळ चार फ्लॉपींत बसला पाहिजे. आवाज ही फार जागाखाऊ वस्तू. एक सेकंदाचा आवाज जेवढी जागा घेई तेवढ्यात अख्खं स्टेशन रंगवून बसायचं. मी सरबताच्या रिकाम्या बाटलीत फुंकून छान लांबलचक शिट्टी केली होती, ती काही केल्या मावेना. तेव्हा तिचा अर्ध्या सेकंदाचा तुकडा कापला आणि यंत्राला सांगितलं, डाव जिंकला की हाच तुकडा तीनदा वाजव. पूप, पूप, पूप. जागा एकाची, शिट्ट्या तीन. त्या काटकसरीवर मी इतका खूष होतो, की चित्रं काढणाऱ्या दोघांना खाली नेऊन चहा पाजला.

नामपल्लीच्या प्रदर्शनात, म्हणजे दीड महिना चालणाऱ्या आमच्या नुमाइशीत, शेठचा दरवर्षी गाळा असायचा. खेळ तिथेच बाजारात आणायचा होता. आठ दिवस आधी मी हणमंतरावांना माळ्यावर बोलावलं. पडद्यावर भापूमामू आला, त्यांच्या आवाजात बोलला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चेहऱ्यावर लाज आणि आनंद दोन्ही. मग मी डाव जिंकला.

पूप, पूप, पूप.

हणमंतरावांचा डावा हात झटकन पुढे गेला आणि त्यानं हवेतला कसलासा दांडा ओढला. टोपी खाली पडली.

"हे काय वाजवायलाव, दिगंबरराव?"

"जिंकला की शिट्टी. बाटलीत फुंकून केलीय."

त्यांनी टोपी उचलली, झटकली आणि मला नीट समजावून सांगितलं, शिकाऊ फायरमनला सांगावं तसं. इंजिनाची शिट्टी ही भाषा असते. लांब किती, छोट्या किती, त्यावरून शेवटच्या डब्यातला गार्ड समजून घेतो. तीन छोट्या म्हणजे ड्रायव्हर सांगतोय, गाडी माझ्या ताब्यात राहिली नाही, तू मागून चाक फिरवून हाताचा ब्रेक लाव. "ड्रायव्हरच्या तोंडून निघू नये अशी शिट्टी हाय ही. मी नोकरीत एकदाच वाजवली." कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. "बाटली असो का बॉयलर, त्याचं काई न्हाई. वाजवणाऱ्याला काय म्हणायचंय ते बघावं. माझ्या आवाजाच्या इंजिनानं दर डावाला हे म्हणायचं? आमच्या टेबलावर मी तोंड कसं दाखवू?"

मी म्हणालो, उद्याच बदलतो.

खाली गोदामात आलो. पत्र्याच्या गाड्यांना रंग देणाऱ्या बायका आता फ्लॉप्या भरत होत्या. पहिला माल भरून झाला होता, खोकी चिकटवून झाली होती, त्यांची चळत छतापर्यंत गेली होती. शेठ त्या चळतीकडे बघत उभे होते, नव्या नातवाकडे बघावं तसे. मी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी अफझलगंजच्या वाचनालयात गेलो. रेल्वेच्या नियमांचं जुनं पुस्तक काढून घेतलं. म्हाताऱ्याची आठवण चुकली असेल, अशी आशा होती. चुकली नव्हती. तीन छोट्या, तोच अर्थ, चौकटीत छापलेला. मी पुस्तक मिटलं, परत केलं आणि स्वतःला म्हणालो, हे पुस्तक या खोलीत किती वर्षांत कुणी काढलंय? मुलं खेळणार, त्यांना काय कळतंय? दोन दिवसांनी हणमंतराव रस्त्यात भेटले, विचारलं, "बदललं का?" मी म्हणालो, "झालं की, काका."

एवढं एक वाक्य मी जन्मात बोललो नसतो, तर आज बरं झोपलो असतो.

नुमाइशीच्या दुसऱ्या दिवशी ते आले. एकटे नाही. सगळं टेबल घेऊन आले. सगळ्यांत पुढे उंच, वाळलेले, इस्त्रीचा काळा कोट घातलेले एक गृहस्थ. यूसुफ साहेब. हणमंतरावांचे वर्षानुवर्षांचे गार्ड. आयुष्यभर एका गाडीच्या दोन टोकांना बसून नोकरी केलेली ही जोडी आता एका बाकावर बसली. हणमंतरावांनी खोकं उलटं करून आपलं नाव सगळ्यांना दाखवलं. यूसुफ साहेबांनी चष्मा लावून ते मोठ्यानं वाचलं, हुद्द्यासकट.

मी काहीतरी निमित्त काढून यंत्र बंद करणार होतो. पण चार मुली खेळत होत्या आणि त्यांतली एक जिंकत आली होती. जिंकलीच.

पूप, पूप, पूप.

यूसुफ साहेबांचे दोन्ही हात वर आले आणि हवेत एक चाक फिरवायला लागले, भराभर, खांदे घालून. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि हात खाली घेतले. मागून एक जण हसून म्हणाला, "हणमंतू, तेरी गाड़ी फिर छूटी क्या रे?" सगळे हसले. हणमंतराव हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. हातातल्या खोक्याकडे बघत म्हणाले,

"साहेब, पेन हाय का?"

तोवर मी दिगंबरराव होतो. मी पेन दिलं. त्यांनी खोकं गुडघ्यावर धरून आपल्या नावावर एक सरळ रेघ ओढली. हुद्द्यावर दुसरी. पेनाला टोपण लावून ते मला परत दिलं आणि गर्दीत निघून गेले.

यूसुफ साहेब मागे थांबले. त्यांच्याकडून मला ती एकदाची गोष्ट कळली. तांदळाची मालगाडी, उतार, ब्रेक धरेना. पुढून तीन छोट्या शिट्ट्या आल्या तेव्हा यूसुफ साहेब डबा उघडून पहिला घास घेत होते. डबा टाकला आणि चाक फिरवायला लागले. तळहाताची सालं निघाली, पण गाडी थांबली. हणमंतराव इंजिनावरून उतरून अख्ख्या गाडीच्या कडेनं चालत मागे आले. सांडलेल्या डब्यात उरलं होतं ते दोघांनी मिळून खाल्लं. "उस रोज से हम भाई हैं," यूसुफ साहेब म्हणाले. "और तुम उसकू बाजा बना दिए."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळ्यावर पोचलो, तर हणमंतराव आधीच स्टूल टाकून बसलेले. खोकं घेणाऱ्या प्रत्येकाला ते मराठी, हिंदी, तेलुगू अशा तिन्ही भाषांत, न चिडता सांगत होते, की आवाज माझा आहे, पण शिट्टी माझी नाही, शिट्टी ह्या साहेबांची आहे, चुकीची आहे. आणि बोटानं मला दाखवत होते. लोक माझ्याकडे बघायचे, मग शिट्टीचा अर्थ विचारायचे, मग हणमंतराव तो सांगायचे आणि मग लोक खोकं घ्यायचे. संध्याकाळपर्यंत शेजारच्या गाळ्यांवरचे लोकही मला बघून जायला लागले.

शेठना सांगणं आता भागच होतं. कारण ते येऊन बघतच होते. मी सगळं कबूल केलं. आठ दिवस आधी कळलं होतं तेसुद्धा. शेठ मला ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, मला त्या दिवशी सांगितलं असतंत तर मी फार ओरडलो असतो. आता काय ओरडू, बुजुर्ग माणूस स्टुलावर बसून ते काम करतोय. शिट्टी काढून टाकतो, असं मी म्हणालो. यूसुफ साहेब मित्राला घरी न्यायला आले होते, ते मध्येच बोलले. काढता कशाला? शिट्टी खोटी नाही. "सीटी बजी, और किसी के हाथ में बिरेक नै. गलती वो है."

ते खरं होतं. आमच्या खेळात भापूमामू दर डावाला ओरडून सांगत होता, की मला थांबवा. आणि चौघांपैकी कुणाकडेच त्याला थांबवण्याचा काही उपाय मी ठेवलेला नव्हता.

पुढचे दहा दिवस मी माळ्यावर काम केलं. शिंकाही आल्या नसाव्यात, निदान आठवत नाहीत. जिंकल्यावर एक लांब शिट्टी ठेवली. तिच्यासाठी माझी आवडती दोन स्टेशनं काढून टाकली. आणि मध्येच, कुणालाही न सांगता, भापूमामूचा ताबा सुटायचा. तीन छोट्या. त्या वाजल्या की चौघांनीही भांडण सोडून आपापल्या कोपऱ्यातल्या दोन कळा आलटून पालटून दाबायच्या, चाक फिरवल्यासारख्या. चौघांनी दाबल्या तर गाडी थांबायची. एकानंही हात आखडला तर चौघंही पहिल्या स्टेशनात. तोवर आमचा खेळ दुसऱ्याला मागे टाकण्याचा होता. त्या दिवसापासून नुमाइशीतल्या त्या गाळ्यावर अनोळखी पोरं एकमेकांवर ओरडायला लागली, अरे दबा, तू भी दबा.

जुनं खोकं आणा, नवं घेऊन जा, असा बोर्ड शेठनी स्वतः रंगवला. नव्या खोक्यासाठी हणमंतरावांची परवानगी मागायला मी यंत्र घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते यंत्रासमोर बसून तीनदा खेळले, म्हणजे मी, त्यांची सून, नात आणि ते. तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "दिगंबरराव, नाव छापा. पण एकट्याचं न्हाई." खोक्यावर दोन ओळी आल्या. आवाज, हणमंतराव, मेल ड्रायव्हर. ब्रेक, यूसुफ साहेब, गार्ड. त्या टेबलावर ते खोकं बरीच वर्षं साखरेच्या भांड्याशेजारी उभं असायचं.

भापूमामूचे एकूण चार भाग निघाले, दर नुमाइशीला एक. पाचव्याच्या आधी बाहेरचे खेळ आले, थ्रीडी, चकचकीत, आमच्या अख्ख्या खेळाएवढी जागा ज्यांच्या एका झाडाला लागे असे. शेठ प्लॅस्टिकच्या बादल्यांकडे वळले. मी एका मोठ्या कंपनीत गेलो, जिथे मी काय बनवलं हे मला कधीच नीट कळलं नाही. माळा अजून आहे, शेजारची मिरचीही आहे.

हणमंतराव गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्याकडे एक जुनं यंत्र जपून ठेवलेलं आहे. भापूमामू फक्त त्याच्यावरच चालतो. गेल्या वर्षी यूसुफ साहेबांना घरी बोलावलं. नातवाचा हात धरून जिना चढले, कोट तोच. यंत्र सुरू झालं. आव, बैठो, खिडकी के वास्ते नक्को लड़ो. यूसुफ साहेबांनी डोळे मिटून घेतले. मी, बायको आणि त्यांचा नातू खेळत होतो, चौथा कोपरा त्यांच्यासमोर ठेवला होता. तीन छोट्या वाजल्या. त्यांनी कळांना हातही लावला नाही. दोन्ही हात वर घेऊन हवेतलं चाक फिरवलं, आता सावकाश. त्यांच्या कळा मी चोरून दाबल्या. गाडी थांबली.

मला राहवलं नाही, मी विचारलं, "साहेब, कैसा लगा? हणमंतराव ही है ना?"

त्यांनी डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. भापूमामू स्टेशनाच्या फलाटापुढे चांगला दीड डबा निघून गेला होता.

"आवाज तो हणमंतू का है," ते म्हणाले. "मगर गाड़ी तुम चलारैं. मालूम पड़रा."